सहाव्या इयत्तेचें दार

बुद्धिमान् मूल कोठेंही असलें तरी पुढें आल्यावांचून राहत नाहीं, असें आपल्या सुशिक्षित घरांतून मोठ्या विश्वासानें बोललें जातें. ज्या घरांत आजोबा पाढे म्हणून घेतात, काका वर्तमानपत्रांतील जाहिरात कापून ठेवतात आणि आई वेळेवर अर्ज भरते, त्या घरापुरतें तें खरेंही असतें. परंतु यांपैकीं कोणीच जेथें नाहीं, तेथील मूल बुद्धिमान् आहे हें ओळखावयाचें कोणी? हुशार मुलांस अधिक कसाचें शिक्षण देण्याच्या सरकारी योजनांचा विचार करूं लागलें म्हणजे हाच प्रश्न प्रथम आडवा येतो. आपल्या देशांत अशा योजनांचें ठळक उदाहरण म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयें होत.

१९८५-८६ सालीं हरियाणांतील झज्जर आणि आपल्या वऱ्हाडांतील अमरावती या दोन ठिकाणीं प्रयोगादाखल हीं विद्यालयें निघालीं, व १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें त्यांस कायमचें स्थान दिलें. जिल्ह्यास एक विद्यालय, ही मूळ कल्पना. तमिळनाडूनें हिंदीच्या प्रश्नावरून तीं नाकारलीं. इतरत्र आज त्यांची संख्या सहाशेंवर गेली आहे. प्रवेश सहाव्या इयत्तेंत, एका विद्यालयांत जास्तींत जास्त ८० मुलांस. राहणें, जेवणखाण, गणवेश व पुस्तकें यांचा खर्च सरकारचा. शेंकडा ७५ जागा खेड्यांतील मुलांसाठीं आणि एकतृतीयांश जागा मुलींसाठीं राखलेल्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींचा वाटा निराळा. योजना कागदावर पाहिली तर तिच्या कर्त्यांनीं खेडें डोळ्यांपुढें ठेवूनच ती आंखली, हें मान्य केलें पाहिजे.

आतां परीक्षेकडे वळूं. देशभर सुमारें पन्नास हजार जागांसाठीं अलीकडे वीस लाखांहून अधिक मुलें अर्ज करतात. मराठीसह अनेक भाषांतून ती देतां येते. दोन तासांत ८० प्रश्न; त्यांतील ४० बुद्धिमापनाचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. बुद्धिमापनाचे प्रश्न सारे आकृत्यांचे असतात. आरशांत ही आकृति कशी दिसेल, घडी घातलेल्या कागदास भोंक पाडून तो उलगडला तर काय दिसेल, असा त्यांचा मासला. यांत पुस्तकी ज्ञान लागत नाहीं, म्हणून ही परीक्षा सर्वांस सारखी, असें समजलें जातें. वस्तुतः ज्या मुलानें शिकवणीच्या वर्गांत वर्षभर अशा शेंकडों आकृत्या सोडविल्या, तें मूल आणि ज्यानें तसली आकृति परीक्षेच्या दिवशींच प्रथम पाहिली, तें मूल, यांची स्पर्धा सारखी कशी म्हणावी? पहिल्या मुलाचा हात चालूं लागतो तेव्हां दुसरें अजून प्रश्न काय विचारला आहे हें समजून घेत असतें. शिवाय ही परीक्षा जन्मांत एकदांच देतां येते.

नियमांत आणखी एक मेख आहे. खेड्यांतील जागेसाठीं मुलानें तिसरी, चौथी व पांचवी हीं तिन्हीं वर्षें खेड्यांतीलच शाळेंत पूर्ण केलेलीं असावीं लागतात. हेतु उघड आहे. शहरांतील मुलानें खेड्यांतल्याची जागा घेऊं नये. परंतु मी खेडेगांवच्या शाळेंत असतांना एक सधन गृहस्थ मजकडे आले आणि "मुलगा शिकेल तालुक्यालाच, नांव तेवढें तुमच्या पटावर राहूं द्या," असें अगदीं सहज म्हणाले. मीं नकार दिला तेव्हां त्यांना मनापासून नवल वाटलें. गृहस्थ चांगले वाचलेले, पापभीरु. चोरी ती पैशाचीच असते अशी त्यांची समजूत! असे गृहस्थ आपल्याही ओळखींत असतील.

आणि ज्यांच्यासाठीं हा नियम, त्यांतील कांहींजणांस तोच नडतो. मराठवाड्यांतून व नगरकडील भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें बाहेर पडतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मूल बरोबर गेलें कीं शाळेचें वर्ष तुटतें. परीक्षा डिसेंबर-जानेवारींत, म्हणजे ऐन हंगामांत, आणि केंद्र स्वतःच्या जिल्ह्यांत! तेव्हां तें मूल दूरच्या फडावर धाकट्या भावंडास सांभाळीत असतें.

माझ्या शेवटच्या शाळेंत अशा घरची एक मुलगी होती. हातचा धरून केलेली तिची वजाबाकी मला कधीं तपासावी लागली नाहीं. दर हंगामांत आईबाप तिला आजीपाशीं ठेवून जात, म्हणून तिचीं वर्षें अखंड राहिलीं. मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका मिळवून त्यांतील आकृत्या मीं शाळा सुटल्यावर तिच्याकडून व आणखी चौघांकडून सोडवून घेतल्या. तिची निवड झाली. बाप मात्र मुलीस वसतिगृहांत घालण्यास तयार होईना. शेवटीं आजीच म्हणाली, "सहा महिने ती माझ्यासारख्या आंधळीपाशींच असते कीं. तिथं निदान मास्तर तरी असतील." बाप गप्प झाला. पुढें नववींत विद्यालयाच्या नियमाप्रमाणें वर्षभरासाठीं हिंदी प्रांतांत जाणाऱ्या शेंकडा तीस मुलांत तिचाही नंबर लागला. उरलेल्या चौघांची निवड झाली नाहीं. त्यांतील एक जण तिच्याहून कमी नव्हता.

दुसरीकडे या बाबतींत काय करतात तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील टेक्सास राज्यानें २०२३ सालीं कायदा केला कीं, पांचवीच्या राज्यपरीक्षेंत गणितांत वरच्या शेंकडा चाळीसांत आलेल्या प्रत्येक मुलाचें नांव सहावीच्या प्रगत गणिताच्या वर्गांत आपोआप घालावें. पालकांस तें नको असेल तर त्यांनीं तसें कळवावें. म्हणजे अर्ज करणाराचें ओझें उचलून तें नाकारणारावर ठेवलें. फ्लॉरिडांतील ब्रॉवर्ड परगण्यांत २००५ पूर्वीं शिक्षकांनीं किंवा पालकांनीं सुचविलेल्या मुलांचीच बुद्धिपरीक्षा होई. त्या सालापासून दुसरीच्या सर्वच मुलांची प्राथमिक चांचणी घेऊं लागले, तेव्हां गरीब व कृष्णवर्णी घरांतील निवडलेल्या मुलांची संख्या पुष्कळ वाढली. कार्ड आणि जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनीं त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. मुलें तींच होतीं, पूर्वीं त्यांस कोणी विचारलें नव्हतें इतकेंच. पुढें पैशाची ओढाताण झाली, चांचणी मागें पडली आणि तफावतही परत आली.

आपल्याकडे जागा थोड्या, म्हणून टेक्सासचा नियम येथें जसाचा तसा बसणार नाहीं. पण पांचवीच्या प्रत्येक मुलाचा अर्ज शाळेनेंच भरावा, आणि आकृत्यांचा सराव प्रत्येक वर्गांत व्हावा, याला जागा वाढविण्याची गरज नाहीं. काम शिक्षकाचें आहे. तें तो इतर कागदांच्या भाऱ्याखालीं करूं शकत नाहीं, हेंही मी जाणतों.

तोंवर, ज्यांची गांवीं अजून शेती आहे, त्यांच्या वाटेकऱ्याच्या किंवा गड्याच्या घरीं पांचवींतलें एखादें मूल असतेंच. अर्ज अलीकडे पावसाळ्यांत निघतो. तो संगणकावरून भरावयाचा असतो व त्यास फी नाहीं. मुलाचें छायाचित्र, मुलाची व पालकाची सही आणि मुख्याध्यापकांनीं भरून दिलेलें प्रमाणपत्र हीं जवळ असावीं लागतात; काम अर्ध्या तासांत होतें. प्रमाणपत्राचा कागद आधींच शाळेंत नेऊन द्यावा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यांत मुख्याध्यापक बहुधा सभेस गेलेले असतात.