ट्रायोड की पेंटोड?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी बोलणार आहे घरी गाणे ऐकण्याच्या व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायरविषयी. ट्रान्झिस्टरचा शोध 1947 सालचा. तरीही व्हॉल्व्हचे शौकीन संपलेले नाहीत, आणि त्यांचे जुने भांडणही मिटलेले नाही. या भांडणापायी नोकरदाराचे दोनतीन पगार सहज खर्ची पडतात, म्हणून ते समजून घेतलेले बरे.

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचनळी. आत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि धनभारित प्लेट ते ओढून घेते. ली द फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने 1906 साली या दोहोंमध्ये तारेची जाळी घातली. जाळीवरचा दाब जरासा बदलला की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह बदलतो. कालव्याचे दार एका माणसाने हलवावे आणि सारे पाणी त्याचे ऐकावे, तसेच हे. अवयव तीन, म्हणून ट्रायोड. मात्र प्लेटवरचा दाब उतरला की येथे प्रवाहही मंदावतो. म्हणजे काम भरात आले की ओढ कमी. यावर दुसरी जाळी घालून तिला स्थिर धनदाब दिला. ओढ टिकली, पण प्लेटवर आदळून उडालेले इलेक्ट्रॉन या नव्या जाळीकडेच पळू लागले. फिलिप्स कंपनीच्या तेलेगेन यांनी 1926 साली तिसरी जाळी घालून त्यांना माघारी धाडले. झाले पाच अवयव, हाच पेंटोड.

आता हिशेब पाहू. शेवटचे सारे काम एकट्या व्हॉल्व्हवर सोपवले की त्या रचनेला सिंगल-एंडेड म्हणतात. (मोठ्या करवतीला दोन्ही टोकांना माणसे लावावीत तशी दोन व्हॉल्व्हची रचना ती पुश-पुल.) वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 300-बी हा 1938 सालचा नामांकित ट्रायोड. त्याला 350 व्होल्ट आणि 60 मिलिअँपिअर, म्हणजे 21 वॅट द्यावे, तेव्हा हाती सुमारे 8 वॅट येतात. शिवाय जाळीवर सत्तरएक व्होल्टचा हेलकावा द्यावा लागतो. ईएल-84 हा बोटाएवढा पेंटोड 12 वॅट घेतो, पाचसाडेपाच वॅट देतो आणि जाळीवर सहाएक व्होल्टवर भागवतो. कमी खाऊन जास्त काम करणारा हा गडी! मालकवर्ग त्याच्यावर खूष असावा यात नवल नाही.

पण प्रश्न निव्वळ कामाचा नाही, स्वभावाचा आहे. 300-बीचा अंतर्गत रोध सुमारे 700 ओहम, तर ईएल-84चा 38,000. लाउडस्पीकरवर 8 ओहम लिहिलेले असले तरी तो सर्व सुरांना 8 ओहम नसतो. खर्जातल्या एका ठिकाणी तो तीसचाळीसपर्यंत चढतो. ट्रायोड त्या चढणीवरही दाब बराचसा स्थिर ठेवतो. मोकळा सोडलेला पेंटोड मात्र तेथे वाहवत जातो, आणि तबल्याचा डग्गा रिकाम्या डब्यासारखा घुमतो.

त्यावर औषध आहे. बेल प्रयोगशाळेतल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना 1927 साली सुचलेली ऋण-प्रतिपुष्टी ती हीच: बाहेर पडलेल्या ध्वनिसंकेताचा थोडा अंश मागे आणून मूळाशी ताडून पाहायचा, आणि फरक तेवढा दुरुस्त करायचा. विणलेले कापड नमुन्याशी लावून पाहण्यासारखेच हे. 1954 साली मलार्डने दोन ईएल-84 आणि ही प्रतिपुष्टी वापरून 10 वॅटचा जो आराखडा प्रसिद्ध केला, तो हौशी माणसांनी घरोघरी बांधला.

ट्रायोडवाले म्हणतात, आमची विकृती गोड. यात तथ्य आहे, पण अर्धेच. एकट्या ट्रायोडमध्ये मुख्यतः दुसरा उपस्वर मिसळतो. षड्ज लावला तर वरच्या सप्तकातला षड्ज. पेंटोडमध्ये तिसराही ठळक होतो, म्हणजे तार पंचम. दोन्ही कानाला परके नाहीत. परंतु तानपुरा, सारंगी आणि गळा एकदम आले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्याही उमटतात, आणि त्या कोणत्याही रागात बसत नाहीत. विकृती गोड असण्यापेक्षा थोडी असणे चांगले, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा निकाल लागतो तो लाउडस्पीकरपाशी. गेटसभेला थोड्या वॅटांवर आमचा भोंगा सारे मैदान भरतो. 300-बीचे पूर्वीचे कामही चित्रपटगृहातल्या भोंग्यांसाठीच होते. असा भोंगा एका वॅटला एक मीटरवर 100 डेसिबेल देतो. आजचा दिवाणखान्यातला छोटा स्पीकर 85 देतो. फरक पंधराचा दिसतो, पण शक्तीच्या हिशेबात तो बत्तीस पट आहे. म्हणजे भोंग्यावर 8 वॅट जे करतील, त्याला छोट्या स्पीकरवर अडीचशे लागतील. तेव्हा आधी स्पीकर ठरवा. तो छोटा असेल तर महाग ट्रायोड घेऊन पैसे पाण्यात घालू नका. पेंटोडची जोडी आणि प्रतिपुष्टी हीच घ्या. पैसे उरले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर खर्च करा, खर्ज तेथून येतो.

स्वतःच्या कानाने निवाडा करायचा असेल तर सिंगल-एंडेड ईएल-84ची दुसरी जाळी एका लहान रोधातून प्लेटला जोडून पाहावी. तोच व्हॉल्व्ह ट्रायोडसारखा वागू लागतो. शक्ती उतरून सुमारे 2 वॅट होते. ऐकताना दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा, कारण मोठा वाजेल तोच कानाला चांगला वाटतो. आणि हे काम जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करा: प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. ते रोधातून उतरवून, मीटरने शून्य पाहूनच हात घालावा.