रुंद पाय आणि रानातले बूट

घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे मजबूत बूट पूर्वी शिकारी लोक घालीत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. १९९१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि रानातल्या जनावरांची शिकार जवळजवळ बंदच झाली. शिकार गेली, पण बूट राहिले.

आज हे बूट कोणाला लागतात? जंगलात गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला लागतात. रात्रीची वीज आली की पिकाला पाणी द्यायला निघणाऱ्या शेतकऱ्याला लागतात. ऊस तोडणाऱ्या, गवत कापणाऱ्या बायामाणसांनाही लागतात.

पण पुष्कळांची तक्रार एकच असते. "बूट चावतात हो!" मग काय होते? बूट राहतात खुंटीला आणि माणूस जातो अनवाणी.

अनवाणी गेले तर काय बिघडले?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मोठे विषारी साप. साप चावतो तो बहुधा पायालाच. अंधारात त्याच्यावर किंवा त्याच्याजवळ पाय पडतो आणि घात होतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसे दगावली. त्यांत खेड्यांतली कष्टकरी माणसेच जास्त.

बूट घातला म्हणजे साप चावणारच नाही असे नव्हे. पण पाऊल आणि घोटा झाकलेला असला तर धोका पुष्कळ कमी होतो. हातात बॅटरी मात्र हवीच. आणि साप चावलाच, तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा.

सापाखेरीज काटा आहे, काच आहे, विंचू आहे. भातखाचरातल्या पाण्यात उंदराचे मूत मिसळलेले असते. पायाला जखम असली तर त्यातून लेप्टोचा आजार शिरतो. म्हणून चिखलात गमबूट घालावेत.

पाय रुंद का असतात?

लहानपणापासून जो अनवाणी किंवा उघड्या वहाणांत चालतो, त्याची बोटे मोकळी पसरतात. चवडा रुंद होतो. यात काही वाईट नाही. असा पाय जमिनीवर घट्ट रोवतो. दोष पायाचा नाही, बुटाच्या साच्याचा आहे.

कारखान्यात बूट पायाच्या आकाराच्या साच्यावर घडवतात. आपल्याकडे हे साचे पुष्कळ वर्षे परदेशी मापांवरून आले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक माणसांच्या पायांची मापे घेतली. युरोप-अमेरिकेच्या मापांपेक्षा आपले पाय साधारणपणे रुंद आहेत, असे त्यात दिसून आले. तेव्हा बूट चावतो म्हणून लाजू नका. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

नंबर काय सांगतो?

बुटावर ७, ८, ९ असा नंबर असतो. हा नंबर लांबीचा. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर वाढला की लांबी इंचाचा तिसरा भाग, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते. रुंदी वाढते, पण थोडीशीच.

काही बुटांवर नंबराच्या शेजारी रुंदीचे अक्षरही असते. ब्रिटिश पद्धतीत पुरुषांचा साधा बूट 'एफ', रुंद 'जी' आणि त्याहून रुंद 'एच'. अमेरिकी पद्धतीत साधा 'डी', रुंद 'दोन ई' आणि त्याहून रुंद 'चार ई'. दुकानदाराला हे अवश्य विचारा.

माप घरीच घ्या

दिवसभर चालून पाय थोडा सुजतो. म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. जाड मोजा घालायचा असेल तर तो घालूनच घ्यावे.

जमिनीवर कागद ठेवा. त्यावर सरळ उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या. दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगा. आता टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. मग अंगठ्यामागच्या उंचवट्यापासून करंगळीमागच्या उंचवट्यापर्यंत मोजा. ही झाली रुंदी. दोन्ही पाय मोजा. दोन पाय सहसा तंतोतंत सारखे नसतात. जो मोठा, त्याचे माप धरा.

बायकांनीही असेच माप घ्यावे. घरातल्या पुरुषाचे जुने बूट पायात सरकवून चालवून घेऊ नये. सैल बुटाने चिखलात पाय मुरगळतो.

दुकानात काय होते?

गिऱ्हाईक म्हणते, "जरा घट्ट होतोय हो."

दुकानदार म्हणतो, "घट्टच बरा, दादा. चार दिवसांत सैल पडेल."

"करंगळी दुखतेय पण."

"मग एक नंबर मोठा घ्या की!"

या दोन्ही सल्ल्यांनी पैसे वाया जाण्याचा संभव आहे. कसे ते पाहा.

कातडे वापराने थोडे पसरते हे खरे. पण ते रुंदीला जरासे पसरते. लांबीला वाढत नाही. रबर आणि प्लॅस्टिक तर पसरतच नाही. काही कामाच्या बुटांत बोटांवर लोखंडी टोपी असते. ती तसूभरही हलत नाही. म्हणून दुकानात जो बूट बोटे आवळतो, तो घेऊच नये.

आता मोठ्या नंबराचे पाहू. चालताना पाय चवड्यापाशी वाकतो. बूटही तिथेच वाकला पाहिजे. बूट लांब घेतला की त्याची वाकण्याची जागा पुढे जाते. पाय एकीकडे वाकतो, बूट दुसरीकडे. टाच आत वरखाली घासते, फोड येतो. लांब टोक ढेकळाला अडखळते. तेव्हा लांबी नको, रुंदी हवी.

पारख कशी करावी?

बुटातली गादी निघत असेल तर बाहेर काढा. तिच्यावर घरचा कागद ठेवा. पायाची रेघ गादीच्या बाहेर डोकावली, तर तो बूट तुमचा नव्हे. बोटांच्या पुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा उरली पाहिजे.

बुटाचे टोक निमुळते नको, गोल किंवा चौकोनी हवे. दोन्ही बूट घाला. नाड्या बांधा. दुकानात दहा मिनिटे चाला. उकिडवे बसा, पायरी चढा, पायरी उतरा. बोटे आत हलली पाहिजेत. उतरताना बोटे टोकाला आपटता कामा नयेत. टाच जागची उचलली जाऊ नये.

चवड्यावर दाब वाटला तर खालच्या एका भोकातून नाडी घालू नका. तेवढीच जागा मोकळी होते. घोट्यापाशी मात्र नाडी पक्की बांधा.

तयार बूट बसतच नसेल तर पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराकडे जा. मापाचा कागद त्याला दाखवा. कातडी बूट साच्यावर चढवून त्याला थोडा पसरवता येतो. काही कारागीर मापाबरहुकूम नवा बूटही शिवून देतात.

पायाला कळत नसेल तर

मधुमेहात किंवा कुष्ठरोगात पाय बधिर होऊ शकतो. बूट चावला तरी दुखत नाही. जखम होते, चिघळते, आणि कधी पाय गमवावा लागतो. अशा माणसाने "दुखत नाही, म्हणजे बसला" असे समजू नये. कागदाचे माप हाच त्याचा खरा साक्षीदार. बूट काढल्यावर रोज पाय डोळ्यांनी पाहावा. तळवा आरशात पाहावा. लाली किंवा फोड दिसला तर दवाखान्यात जावे. अशा पायांसाठी मऊ रबराची खास पादत्राणे मिळतात. त्यांची चौकशी तिथेच करावी.

नव्या बुटाची सवय

पी हळद अन् हो गोरी, असे बुटाचे होत नाही. नवा बूट पहिल्या दिवशी तासभर घाला. मग रोज थोडा वेळ वाढवा. ओला बूट चुलीजवळ वाळवू नका, कातडे तडकते. आत जुने वर्तमानपत्र कोंबा आणि सावलीत ठेवा. कातड्याला अधूनमधून एरंडेलाचा हात फिरवा. आणि रोज सकाळी बूट उलटा करून झटकल्याशिवाय पाय आत घालू नका. आत विंचू बसलेला असू शकतो.

बूट महाग पडतो खरा. पण जो पायात राहतो तोच बूट स्वस्त. खुंटीवरचा बूट कोणालाच राखत नाही.

सांगा पाहू

१. पायाचे माप संध्याकाळी का घ्यावे?
२. रुंद पायासाठी लांब बूट घेतला तर काय होते?
३. कोणते बूट वापराने मुळीच पसरत नाहीत?
४. तुमच्या घरात रात्री रानात कोण जाते? त्याच्या पायाचे माप आजच घ्या.