फियाटच्या इंजिनातले पाणी

जुनी गाडी पारखायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग क्रोमची पट्टी, मग सीटचे कापड आणि सगळ्यात शेवटी बॉनेट उघडतो. हा क्रम उलटा हवा. बॉनेट उघडल्यावरही पहिली नजर कार्बोरेटरवर न जाता रेडिएटरच्या खालच्या जमिनीवर जायला हवी. पन्नास-साठ वर्षांचे इंजिन वेगाने मरत नाही, वयाने तर नाहीच. ते बहुतेक वेळा पाण्याने मरते, आणि ते पाणी आधी कित्येक महिने थेंबाथेंबाने गळून सूचना देत असते. पुण्यात जुन्या गाड्यांची हौस जुनी आहे आणि ती हौस निभावणारे कसबी कारागीरही इथे आहेत. तरीही इंजिनाचा वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, याचा विचार आपल्याकडे बराचसा पत्र्यावर थांबलेला आहे. प्रीमियर पद्मिनी या गाडीवरून, जिला पुण्यात आजही सगळे ‘फियाट’च म्हणतात, ही गोष्ट सर्वांत नीट समजते.

या गाडीचे इंजिन 1089 सीसीचे, म्हणजे ढोबळ अकराशेचे. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. ही मापे 1937 सालची आहेत. त्या वर्षी दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली फियाट 508 सी बाजारात आली आणि तिच्यात हे चार सिलिंडरचे, डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले इंजिन होते. कुटुंबाने बसून फिरायला जावे अशी ती साधी गाडी होती, पण इंजिन इतके सुटसुटीत आणि दणकट निघाले की युद्ध संपताच शर्यतवाल्यांनी ते उचलले. तुरिनच्या पिएरो दुसिओने 1946 मध्ये चिसितालिया डी 46 ही एका माणसाची शर्यतीची गाडी काढली. तिचा आराखडा जाकोसाचाच आणि इंजिन याच अकराशेवर बेतलेले. पुढच्या वर्षी मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत 54 वर्षांचा तात्सिओ नुवोलारी चिसितालिया 202 घेऊन उतरला आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या इंजिनाच्या अल्फा रोमिओमागोमाग दुसरा आला. त्याच 202 ची बंद टपाची आवृत्ती आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. फ्रान्समध्ये सिम्काने हेच इंजिन परवान्याने बनवले आणि गोर्दिनीने त्यावर शर्यतीच्या गाड्या उभ्या केल्या. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला ज्युनियर सुरू झाली, तेव्हा स्तांगुएल्लिनीच्या गाड्यांनी अकराशेच्याच बळावर मैदान मारले.

भारतात हे घराणे वालचंद हिराचंद यांच्या कंपनीमुळे आले. सोलापूरला जन्मलेल्या आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1954 पासून फियाट 1100 जुळू लागली; पुढे तिची प्रेसिडेंट झाली, 1974 मध्ये पद्मिनी झाली आणि 2000 साली उत्पादन थांबले. म्हणजे जाकोसाच्या बोअर-स्ट्रोकचे इंजिन 63 वर्षांनंतरही महाराष्ट्रात नवे बनत होते. इथे एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. चिसितालियाचा शर्यत विभाग सांभाळणारा कार्लो आबार्थ, ती कंपनी बुडाल्यावर, 1949 मध्ये तिच्या उरलेल्या गाड्या घेऊन स्वतंत्र झाला आणि त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. त्या आबार्थचा विंचू लावलेली पुंतो 2015 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिचे इंजिन वेगळे, टर्बोचे. पण नावाची वंशावळ मागे नेली तर ती चिसितालियाच्या अकराशेपाशी, म्हणजे पद्मिनीच्या बॉनेटखाली येऊन पोचते.

यावर कुणी म्हणेल, पद्मिनी म्हणजे टॅक्सी, तिला स्पोर्ट्स कारच्या पंगतीला कशाला बसवायचे? आक्षेप गाडीपुरता खरा आहे. जेमतेम चाळीसेक अश्वशक्तीची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली ही चार दारांची गाडी कुणाला वेगाचे वेड लावणार नाही. पण इंजिनाचा वारसा गाडीच्या आकारावरून ठरत नाही. चिसितालिया ज्यांच्याकडे आहे ते ती काचेमागे ठेवतात. तिच्या इंजिनाचे रोज चालणारे, घाट चढणारे, सिग्नलला तापणारे भाऊबंद उरले आहेत ते इथे. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्यानंतर हे इंजिन चालते ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे खासगी मालकांवर आणि त्यांच्या मेकॅनिकांवर आली आहे.

मग पाणी. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळ एक तृतीयांश भाग इंजिनाच्या भिंतींमधून पाण्यात उतरतो, आणि रेडिएटरने तो हवेला द्यायचा असतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीहून खंडाळ्याला येताना गाडी जवळपास 500 मीटर वर चढते. माणसांसकट अकराशे किलोची गाडी एवढी उचलायला लागणारी ऊर्जा साडेपाच मेगाज्यूलच्या घरात. इंजिन तिच्या चौपट इंधन जाळते आणि त्यातली सात मेगाज्यूल उष्णता पाण्याच्या वाट्याला येते. रेडिएटरने ती बाहेर टाकलीच नाही, तर तेवढ्या उष्णतेत उकळीला आलेले तीन लिटर पाणी वाफ होऊन जाईल. त्यात चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिन जोरात आणि समोरून येणारी हवा कमी. बोरघाटात काय, खंबाटकीत काय, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या एका पिढीने रोज पाहिल्या, त्यामागे हे साधे गणित होते. आता घाटापेक्षा पुण्यातला गर्दीचा लक्ष्मी रस्ता जास्त अवघड झाला आहे. फियाटचा पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. गाडी उभी राहिली की पंखाही मंदावतो, आणि तापलेले इंजिन मात्र तसेच असते.

त्यात पुण्याची उंची सुमारे 560 मीटर. इथे उघड्या भांड्यातले पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला 95-96 वर. रेडिएटरच्या टोपणाने अर्धा बार दाब धरला, तर तोच उकळबिंदू पुण्यात 110 अंशांपर्यंत जातो. याचा अर्थ असा की टोपणाखालचे रबर कडक झाले, एवढ्या क्षुल्लक कारणाने इंजिनाचा बारा अंशांचा राखीव साठा नाहीसा होतो. बाहेर एक थेंबही न सांडता झालेली ही गळतीच आहे.

खरी कसोटी मात्र हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर लागते. अकराशेचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट फुगते. सुमारे 40 सेंटिमीटर लांबीचे हेड सत्तर अंशांनी तापले, तर मोकळे असताना ते 0.64 मिलिमीटर वाढेल, खालचा ब्लॉक 0.32. हा फरक बोल्टांनी दाबून धरलेला असतो आणि दर वेळी गाडी तापली-निवली की त्याचा ताण मधल्या गॅस्केटवर येतो. शिवाय लोखंड, ॲल्युमिनियम, रेडिएटरचे तांबे-पितळ आणि कथिलाचा डाग हे सगळे एकाच पाण्यात बुडालेले. त्या पाण्यात क्षार असले की ते विजेच्या घटासारखे वागते आणि या धातूंतला सगळ्यात नरम गडी, म्हणजे ॲल्युमिनियम, आधी झिजतो. सोसायटीच्या बोअरचे क्षाराचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाडीचे हेड काढून पाहावे: पाण्याच्या वाटांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या कुरतडलेल्या दिसतात, आणि एखादी कड गॅस्केटच्या कड्यापर्यंत पोचलेली असते. तिथून पुढे ‘गाडी पाणी खाते’. जमिनीवर ओल नाही, पण रेडिएटरमधली पातळी उतरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि तेलाची काडी ओढली की तिच्यावर काळ्या तेलाऐवजी चहाच्या रंगाचा फेस येतो.

हे सगळे होण्याआधी इंजिनाने सांगितलेले असते. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते, आणि ते मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावे, ही त्याची योजना. त्याच्याभोवती पांढरट किंवा तांबूस ओघळ दिसला, तर पंप महिन्याभरात जाणार हे कळते. काही मालक ते भोक एम-सीलने बुजवतात. म्हणजे सूचना बंद होते, पाणी बेअरिंगकडे वळते, आणि एके दिवशी पंख्यासकट दांडा हलून पाती रेडिएटरच्या जाळीला लागतात. ब्लॉकच्या अंगाला पत्र्याची गोल झाकणे ठोकलेली असतात. ओतकामातली वाळू बाहेर काढायच्या भोकांवरची ही झाकणे आतून गंजतात; स्क्रू ड्रायव्हरचे टोक हलके टेकवले तरी पापड फुटावा तशी आत जातात.

बाजारात रेडिएटरचे काम अजून हातानेच होते. कारागीर जाळी उतरवतो, तोंडे रबराने बंद करतो, एका नळीने हवा सोडतो आणि सगळा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतो. बुडबुड्याची रेघ जिथून निघते तिथे खडूची खूण. मग वरची टाकी तापवून सोडवायची, एकेका नळीतून सळई घालून क्षार काढायचे, ब्रशने पितळ चकचकीत करायचे आणि कथिलाचा डाग द्यायचा. डाग देताना जागा साफ नसेल तर कथिल वर बसते, आत धरत नाही. चांगला कारागीर घासायलाच जास्त वेळ घेतो. हे कसब संपत आले आहे, कारण आजच्या गाड्यांचे ॲल्युमिनियम-प्लास्टिकचे रेडिएटर दुरुस्त होत नाहीत, ते बदलतात. पद्मिनीच्या वारशाचा विचार करताना हा डाग देणारा माणूसही त्या वारशात धरावा लागेल.

‘रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाका, गळती थांबते,’ हा सल्ला घाटातल्या ड्रायव्हरांकडून आलेला आहे आणि तो खोटा नाही. बारीक पूड पाण्याबरोबर भोकापाशी जाते आणि तिथे बसते. खंडाळ्यापासून घरापर्यंत पोचायला तो उपाय ठीक. पण पूड भोक आणि नळी असा भेद करत नाही. ती अरुंद नळ्यांतही बसते, रेडिएटरची ताकद घटते, इंजिन आणखी तापते आणि हेड वाकते. वाकलेले हेड मशिनवर घासून सपाट करतात. प्रत्येक घासणीत धातूचा एक थर कायमचा जातो, कॉम्प्रेशन वाढते, उष्णता वाढते. दोन-तीन घासण्यांनंतर घासायला काही उरत नाही. गळणाऱ्या होजच्या पाच-पन्नास रुपयांच्या क्लिपकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अशी हेडच्या धातूत चुकती होते, आणि या हेडची गाडी 2000 नंतर कारखान्यातून आलेली नाही.

एवढे सोसण्यापेक्षा नवे इंजिन बसवावे, हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाडी रोज कामावर न्यायची असेल, तर मालकाला तो हक्क आहे. पण मग ती गाडी पद्मिनीच्या पत्र्यातली दुसरी गाडी झाली, हे मान्य करावे. कायद्यानेही तसेच मानले आहे. केंद्राने 2021 च्या जुलैमध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, तो मूळ रूप राखले असेल तरच. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर नाही. 1974 ची पद्मिनी 2024 मध्ये या वयात आली. 2050 पर्यंत उरलेल्या सगळ्या येतील, आणि त्या वेळी इंजिन कोणते हा प्रश्न कागदावर विचारला जाईल.

उलट बाजूचे कर्मठ लोक म्हणतात की मूळ रूप म्हणजे मूळच. कूलंट नको, सिलिकॉनचा होज नको, विजेचा पंखा तर नकोच. इथे एक साधी कसोटी पुरते: केलेला बदल उलटवता येतो का? कूलंट काढून टाकता येते, होज बदलता येतो, पंखा चार बोल्ट सोडवून उतरवता येतो. खाल्लेले ॲल्युमिनियम परत येत नाही. म्हणून गंजरोधक घातलेले, निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून वापरणे हे मूळ इंजिनाशी इमान राखणे आहे, जरी 1954 मध्ये इथे सहसा कुणी ते वापरत नसले तरी. त्याचा एक धोका मात्र सांगायला हवा. ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड. निचरा केलेले कूलंट गटारात सोडले तर ते मुठा नदीत जाते, आणि पार्किंगमध्ये सांडले तर गल्लीतले कुत्रे चाटते.

राहता राहिला नव्या हेडचा प्रश्न. खडकीत 1946 पासून इंजिने बनवणारे किर्लोस्कर, पुण्यातच 1962 पासून कमिन्स, तिथल्याच टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या चाचणीशाळा, कोल्हापुरात फाउंड्र्यांची रांग: साठ-सत्तर वर्षे इंजिने ओतणाऱ्या, कापणाऱ्या आणि तपासणाऱ्या या पट्ट्यात अकराशेचे हेड नव्याने ओतणे हा तंत्राचा प्रश्न नाही. एक चांगले, न घासलेले हेड मापून घ्यायचे, पॅटर्न करायचा आणि शंभर-दोनशे मालकांनी मिळून ऑर्डर द्यायची, एवढेच काम आहे. असे हेड मूळ नसेल, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर इतकेच की ते मूळ ब्लॉकवर बसेल, मूळ रेडिएटरचे पाणी त्यातून फिरेल आणि ज्यांची मूळ हेडे अजून शाबूत आहेत त्यांच्यावर ती घासत बसण्याची वेळ येणार नाही. मोजमाप घ्यायचे ते आत्ता, कारण न घासलेली हेडे दर उन्हाळ्यात कमी होत आहेत.