धक्का लागला की मारला?

चित्र साधं आहे. गाडीनं चिखल उडवलाय आणि गाडीवाला म्हणतोय, माफ करा, डबकं चुकवायला खूप बघितलं. समोरच्या माणसाच्या तोंडचं वाक्य मुलानं लिहायचं. चेहऱ्यांवर भाव मुद्दामच काढलेले नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांच्या चाचणीत अशी २४ चित्रं आहेत. तिच्या मुलांसाठीच्या आवृत्तीचं भारतीय रूप उदय पारीक यांनी घडवलं.

मी नांदेडला मानसशास्त्र शिकवते आणि मारामारीत, चाकू चालवून बाल न्याय मंडळापुढे आलेल्या मुलांचं समुपदेशन करते. त्यांची ओळख सांगायची नाही असा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. या चित्रावर एकानं लिहिलं, "माफी काय मागायलास, खाली उतर." दुसऱ्यानं, "मुद्दाम उडवलास." मागितलेली माफी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मनासारखं झालं नाही की राग कुणी दुसऱ्यावर काढतो, कुणी स्वतःवर, तर कुणी 'जाऊ दे' म्हणतो. लातूरच्या शिकवण्यांत वर्षं घालवून 'नीट'मध्ये मागे पडलेली मुलं माझ्याकडे येतात, ती बहुधा स्वतःलाच दोष देतात. ठेच तितकीच मोठी, रोख मात्र उलटा.

मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलाचं अर्धं जुळवलेलं कोडं दुसऱ्यानं मोडलं, असं त्याला भासवलं. मुद्दाम मोडलं की चुकून, हे स्पष्ट होतं तेव्हा आक्रमक आणि इतर मुलं सारखीच वागली. हेतू कळत नव्हता तिथे मात्र आक्रमक मुलांनी तो वाईटच धरला. आमच्याकडे 'खुन्नस दिली' म्हणून भांडणं होतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं. नुसतं बघणं हा त्या मुलाला हल्ला वाटतो.

म्हणून एक गोष्ट मला फार खुपते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर परिणाम समजण्याची त्याची क्षमता मंडळ तपासतं. शांत खोलीत, पंख्याखाली बसून तो परिणाम बरोबर सांगतो. पण पानटपरीपाशी धक्का लागला त्या क्षणी त्याला काय दिसलं, हे त्या उत्तरातून कळत नाही.

ते पाहणं बदलता येतं, पण रट्टे देऊन नाही. रट्ट्यानं 'सगळे माझ्यावरच उठलेत' हे त्याला पटतं, बस्स. आम्ही एकच सराव करून घेतो: आणखी कुठलं कारण असेल? निरीक्षणगृहात भेटीच्या दिवशी आई आली नाही म्हणून एकानं दाराला लाथा घातल्या. "मुद्दाम आली नाही." दुसरं कारण? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "कारखान्याला गेली असंल, ऊस तोडायला." मग आता काय करायचं? "साहेबांना इचारून मुकादमाला फोन लावायचा." लावला.