पहाटे चढतो, दुपारी उतरतो

मोकळ्या हवेतला नैसर्गिक किरणोत्सर्ग दिवसभर एकसारखा नसतो. हिवाळ्यात पुण्यासारख्या ठिकाणी रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक दुपटी-तिपटीचाही असू शकतो.

या किरणोत्सर्गाचा मुख्य उगम रेडॉन वायू. खडक-मातीत सगळीकडे थोडंफार युरेनियम असतं. त्याच्या विघटनसाखळीत रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन. बाकीची मंडळी घनरूप, म्हणून मातीतच अडकून राहतात. हा एकटा वायू. तो मातीच्या फटींतून वर येतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं आहे, त्यामुळे हवेत मिसळून दूरवर जायला त्याला सवड मिळते. जमिनीलगतच्या एका घनमीटर हवेत साधारण १० बेक्वेरेल, म्हणजे दर सेकंदाला दहा अणूंचं विघटन, ही जगाची ढोबळ सरासरी. त्यासाठी त्या घनमीटरभर हवेत रेडॉनचे जेमतेम ४८ लाख अणू पुरतात. हवेच्या रेणूंपुढे ही संख्या नगण्यच, तरी यंत्र ती पकडतं.

दिवस-रात्रीत जमिनीतून येणारा पुरवठा फारसा बदलत नाही. बदलते ती हवेची घुसळण. रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वरची त्या मानाने उबदार राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. शेकोटीचा धूर वर न जाता गावावर आडवा पसरतो तो याच वेळी. निघालेला रेडॉनही तिथेच साचत जातो. ऊन वर आलं की तापलेली हवा उसळते, घुसळण एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पोचते आणि तोच रेडॉन मोठ्या जागेत विरळ होतो. म्हणून रेडॉनची नोंद म्हणजे हवा किती ढवळली गेली याची नोंद, असं मला वाटतं. शहराचं प्रदूषण अभ्यासणाऱ्यांना ती फार उपयोगाची आहे.

पावसाची गोष्ट अधिक रंजक. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९०२ मध्ये नुकत्याच पडलेल्या पावसाच्या पाण्यात किरणोत्सर्ग असल्याचं दाखवलं. त्याचं कारण रेडॉनची अपत्यं. रेडॉनच्या विघटनातून पोलोनियम, शिसं, बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू तयार होतात. ते धातूंचे असल्याने हवेतल्या धूलिकणांना चिकटतात. ढगातले थेंब ते कण गोळा करून खाली आणतात. रेडॉन स्वतः मात्र पाण्यात फारसा विरघळत नाही, तो हवेतच राहतो. सर आली की जमिनीवरच्या गॅमा किरणांचा आकडा झपाट्याने चढतो. शिसं-२१४ चं अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटं आणि बिस्मथ-२१४ चं २० मिनिटं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत तो पुन्हा खाली येतो. कधी तर आधीपेक्षाही खाली, कारण ओली माती स्वतःच्याच गॅमा किरणांना अडवते. पावसात काउंटरवरचा आकडा वाढलेला पाहून कुठे अणुगळती झाली की काय, असं कोणी घाबरू नये. वाढ अल्पकाळाची आणि किरकोळ असते. रेडॉनची खरी काळजी करायची ती बंद, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत. तिथे तो साचतो आणि फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका वाढवतो.

ओल्या मातीचा आणखी एक परिणाम आहे. फटींत पाणी भरलं की रेडॉनची वाटच बंद होते. हवेचा दाब उतरला, तर उलट मातीतली हवा बाहेर ओढली जाते आणि थोडा जास्त रेडॉन सुटतो.

वारा कुठून येतो हेही महत्त्वाचं. समुद्रातून रेडॉन निघतो तो जमिनीच्या मानाने जवळजवळ शंभरावा हिस्सा. जून ते सप्टेंबर कोकणावर येणारे नैऋत्य वारे अरबी समुद्रावरून दीर्घ प्रवास करून येतात, तोवर त्यांच्यातला जुना रेडॉन बराचसा संपलेला असतो. हिवाळ्यातले ईशान्येचे वारे जमिनीवरून येतात आणि वाटेत तो गोळा करतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या केप ग्रिम केंद्रात याचाच उपयोग करतात. रेडॉन अगदी कमी असेल, तर आलेली हवा बरेच दिवस समुद्रावरच होती असं धरतात, आणि कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंची स्वच्छ, मूळ पातळी ठरवायला अशाच वेळच्या नोंदी निवडतात.