राजाचा ससाणा आणि पारध्याचा फासा



किल्ल्यांचा धडा घेताना आपण तोफा, बुरूज, वेढे सांगतो. मग एखादं पोरगं विचारतं, "सर, लढाई नसली की राजा काय करायचा?"

याचं उत्तर आपल्या मुरुडपासून फार लांब नाही. लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे अध्याय शंभर, भाग पाच. एक अख्खा भाग राजाच्या करमणुकीचा! त्यात हत्ती, कुस्ती, मासेमारी आहे आणि 'श्येनविनोद'ही आहे. श्येन म्हणजे ससाणा. त्याच्याकरवी पाखरांची शिकार करायची.

हा खेळ सोपा नाही बरं का. रानातला पक्षी धरायचा, डोळ्यांवर टोपी घालून माणसाळवायचा, हातमोज्यावर बसवून खाऊ घालायचा आणि शिकारीवर सोडला की परत बोलवायचा. पिसं झडण्याच्या दिवसांत त्याला उडवायचं नाही, जपायचं. इंग्लंडच्या राजांनी याच कामासाठी लंडनमध्ये वेगळी इमारत ठेवली होती. तिचं नाव 'म्यूज', पिसं झडण्यावरूनच पडलेलं. १५३४ मध्ये ती जळाली. पुढे त्या जागी घोड्यांची पागा झाली, पण नाव तेच राहिलं! आपल्याकडेही पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता.

आता खरा प्रश्न. पाखरू धरायची, जनावराचा माग काढायची विद्या कोणाची? आपल्या भागात ती पारधी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. राजाने केली तर शिकार 'विनोद' ठरली. पारध्याचं मात्र ते पोट होतं. इंग्रज अमलात गुन्हेगार जमातींच्या कायद्याने या समाजावर जन्मापासूनच शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण लोकांच्या मनातला शिक्का गेला का?

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससाणा धरायला आज बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण ते ज्ञान वाया का जावं? शेताच्या बांधावर शिकरा दिसला तर मुलांना थांबवून दाखवा. वर्गात पारधी समाजाचं लेकरू असेल तर "तुझे आजोबा पाखरं कशी ओळखायचे, विचारून येशील का?" एवढंच म्हणा. एरवी मागच्या बाकावर बसणारं ते लेकरू त्या दिवशी पुढे येऊन बोलेल.

राजाच्या करमणुकीचा धडा तिथं पुरा होतो.