पळवाटा बुजवणारा नाटककार

स्कॉटलंडचा खरा राजा मॅकबेथ सतरा वर्षे गादीवर होता. इ.स. १०४० मध्ये त्याच्या पक्षाने आधीचा राजा डंकन याला मारले ते एल्गिनजवळच्या लढाईत, शेक्सपिअरच्या नाटकातल्यासारखे झोपेत नव्हे. आणि डंकन काही पांढऱ्या दाढीचा म्हातारा नव्हता. १०५० मध्ये मॅकबेथ रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे त्याने गोरगरिबांना सढळ हाताने पैसा वाटला, अशी नोंद त्याच शतकातल्या एका आयरिश साधूने केली आहे. गादी डळमळत असलेला राजा इतक्या लांबच्या यात्रेला निघत नाही. १०५७ मध्ये लुम्फननला डंकनचा मुलगा माल्कम याच्याशी लढताना तो पडला. तरी मुकुट लगेच माल्कमकडे गेला नाही. राणी ग्रूखचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा लुलाख काही महिने राज्य करून गेला.

‘मॅकबेथ’ लिहिताना शेक्सपिअरपुढे हा इतिहास नव्हता. त्याच्यापुढे होती राफाएल होलिनशेडची बखर, १५८७ ची आवृत्ती. तिच्यातही बोइस नावाच्या जुन्या इतिहासकाराच्या कल्पनेची भर आहेच; मॅकबेथचा सोबती बॅन्को हे पात्र त्याचेच. पण या बखरीतल्या मॅकबेथजवळ दोन भक्कम गोष्टी आहेत. एक म्हणजे रास्त तक्रार. जुन्या रीतीप्रमाणे वारस अज्ञान असेल तर गादी जवळच्या नात्यातल्या कर्त्या पुरुषाकडे जायची, आणि डंकनने लहानग्या माल्कमला युवराज करून ती वाटच बंद केली. भाऊबंदकी म्हणा हवे तर, पण भांडायला कारण होते. दुसरी गोष्ट, दहा वर्षांचा चोख कारभार: दरोडेखोरांचा बंदोबस्त, नवे कायदे, रयतेला स्वस्थता.

नाटकात दोन्ही गायब. युवराजाची घोषणा आहे, पण मॅकबेथच्या हक्काबद्दल अवाक्षर नाही. दहा वर्षांचे तर नावच नको; मुकुट चढतो न चढतो तोच मारेकऱ्यांना बोलावणे जाते.

यामागे राजाची मर्जी होती, असे अभ्यासक सांगतात. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बॅन्कोचा वंशज समजे आणि शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला त्याचाच आश्रय होता. बखरीत बॅन्को डंकनविरुद्धच्या कटात सामील आहे, नाटकात तो धुतल्या तांदळासारखा. बॅन्कोपुरते हे मला पटते. मॅकबेथचे काय? राजघराण्यातल्या माणसाचा खून करणाऱ्याला दुष्ट दाखवणे जेम्सला खूश करायला पुरेसे होते. खुन्याची प्रत्येक सबब शोधून काढून टाकण्याचे कष्ट कोणी मर्जीसाठी घेत नाही.

खुनाचा तपशील तर शेक्सपिअरने त्याच बखरीतल्या दुसऱ्याच प्रकरणातून उचलला. फॉरेसच्या किल्ल्यात डफ नावाचा राजा डॉनवाल्डचा पाहुणा म्हणून उतरतो. बायको डॉनवाल्डला डिवचते. राजाच्या दोन सेवकांना भरपेट खाऊ घालून, दारू पाजून निजवले जाते. मग डॉनवाल्डचे चार नोकर आत शिरून झोपलेल्या राजाचा गळा कापतात. स्वतः डॉनवाल्ड त्या वेळी पहारेकऱ्यांत जाऊन बसलेला; सकाळी बोंब उठताच तो धावत जातो आणि त्या बिचाऱ्या सेवकांनाच कापून काढतो. शेक्सपिअरने पाहुणा राजा घेतला, डिवचणारी बायको घेतली, दारू घेतली, सेवकांचे मरणही घेतले. वगळले ते फक्त चार नोकर. खंजीर नायकाच्याच हातात आला, आणि भांबावलेला नायक तो जागेवर ठेवायचे विसरून बाहेर घेऊन आला.

म्हणूनच पहिल्या अंकाच्या शेवटचे ते स्वगत इतके उघडेवाघडे आहे. डंकन आपला आप्त, आपला राजा, वर आज आपल्याच छपराखालचा पाहुणा, असा हिशेब मॅकबेथ स्वतःच मांडतो आणि शेवटी कबूल करतो की महत्त्वाकांक्षेखेरीज आपल्याजवळ दुसरे कारण नाही. बखरीतल्या मॅकबेथला हे वाक्य बोलताच आले नसते. चेटकिणींनी राजपदाचे भाकीत सांगून त्याला बहकवले, बायकोने भरीस घातले, असे आपण म्हणतो. तो मात्र तसे म्हणत नाही.

मराठी रंगभूमीने हे नाटक लवकर आपलेसे केले. शि. म. परांजप्यांचे ‘मानाजीराव’ एकोणिसाव्या शतकातले, तर शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ १९५४ चे. पण कोणत्याही भाषेत मॅकबेथची भूमिका करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती चौथ्या अंकानंतर. मॅकबेथच्या हुकमाने विरोधक मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल झाल्यावर प्रेक्षकाची सहानुभूती टिकवायची कशाच्या बळावर? नायकाजवळ उरलेले असते ते एवढेच, की तो स्वतःला फसवत नाही.

लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात १६११ च्या एप्रिलमध्ये हे नाटक पाहून सायमन फॉर्मनने लिहिलेले टिपण आजही उपलब्ध आहे. धंद्याने तो ज्योतिषी आणि वैदू. चेटकिणींची उकळती कढई, चालून येणारे बर्नमचे रान, यांचा त्यात उल्लेखही नाही. हातांवरचे रक्त धुऊन जाईना, बॅन्कोचे भूत खुर्चीत येऊन बसले, हे मात्र आहे. आणि अगदी शेवटी, आवर्जून: राणी झोपेत उठून चालू लागली, सगळे बोलून गेली, आणि वैद्याने तिचे बोलणे टिपून घेतले.